कमानीचं तिकीट

आमच्या घरमालक काकांनी साहेबांना जी पत्रं पाठवली, त्यांतली शेवटची सात माझ्या अक्षरात आहेत. त्यामुळे काकांबद्दल लिहायचा थोडाफार अधिकार मला आहे, असं मी धरून चालते. शिवाय जो घोळ झाला तो माझ्यामुळेच झाला. ते पुढे येईलच.

काका एसटीत कंडक्टर होते. निवृत्त होऊन सात-आठ वर्षं झाली होती, पण त्यांच्या पायांना ते कोणी कळवलं नव्हतं. बोलायला उभे राहिले की पाय फाकवून, गुडघे सैल सोडून उभे राहायचे आणि डावा हात डोक्यावर हवेत धरायचे. तिथे दांडी आहे असं समजून. काकूंशी भांडतानाही हात वरच. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, आता मारतात की काय. नंतर कळलं, ते तोल सांभाळत होते.

"जमीन हालत नाई काका," एकदा मी हिंमत करून म्हणाले.

"हालते," काका म्हणाले. "तुले समजत नाई, कारन तू बसून आहे."

मालेगावला, यंत्रमागांच्या नव्हे, सोयाबीनच्या मालेगावला, त्यांच्या घरामागे तीन खोल्या होत्या. आम्ही खेड्यातून कॉलेजला आलेल्या मुली तिथे राहायचो. माझं गाव मेडशीच्या पलीकडे, रस्ता संपतो तिथून आणखी थोडं पुढे. आईबाबा हंगामात ऊसतोडीला जातात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, त्यामुळे शहरातली कुठली गोष्ट साधी आणि कुठली विचित्र हे मला लवकर ठरवता येत नसे. काका आम्हाला 'प्रवासी' म्हणायचे. नळावर गर्दी झाली की मागून आवाज यायचा, "पुढं सरका, पुढं सरका, समोर लय जागा आहे!" बोलणं संपलं की ते भिंतीवर बोटानं दोनदा टकटक करत. म्हणजे डबल घंटी, गाडी सोडा. एकदाच टक केलं की थांबा. मी घरून उशिरा येण्याची काही कारणं सांगू लागले की पहिल्याच वाक्याला एक टक पडायची.

"थांब. आता खरं सांग."

त्यांना खोटं कसं कळायचं, हे त्यांनीच एकदा सांगितलं. "जेच्यापाशी तिकीट नसते ना, थो मानूस खिडकीबाहेर पाह्यते. बाहेर काही नसलं तरी पाह्यते. तीस वर्सं मी तेच वाचलं."

अख्ख्या नोकरीत त्यांच्यावर एकही केस झाली नव्हती. रस्त्यात तपासणीचं पथक गाडीत चढतं, विनातिकीट प्रवासी सापडला की कंडक्टरवर केस होते. काकांच्या गाडीत कधी सापडला नाही. हे ते इतक्या वेळा सांगायचे की काकू पोळ्या लाटता लाटता ओठ हलवून त्यांच्याबरोबर तेच म्हणायच्या.

आता साहेबांचं सांगते. साहेब म्हणजे निवडून आलेले साहेब. नाव सांगत नाही. गोष्ट त्यांची नाहीच.

काकांचं म्हणणं असं की राज्य म्हणजे एक गाडी. साहेब लोक ड्रायव्हर. "स्टेअरिंग आपल्या हातात नाई, हे खरं. पन घंटी कोनापाशी आहे? आपल्यापाशी. आन आपन काय करतो? घंटी सोडून खिडकीतली जागा धरतो."

घंटी वाजवणं म्हणजे साहेबांना पत्र लिहिणं. मार्चमध्ये राज्याचा अर्थसंकल्प मांडतात, त्या दिवशी काका टीव्हीसमोर उपाशी बसायचे. काकू म्हणायच्या, एकादशीलाही एवढं कडक धरत नाहीत. मंत्री जमा सांगायचे, खर्च सांगायचे, आणि 'तूट' हा शब्द आला की काका खुर्चीच्या हातावर एकच टक मारायचे. मंत्री थांबायचे नाहीत, हा भाग वेगळा.

"आमच्याकडं संध्याकाळी हिशोबात तूट आली का खिशातून भरा लागे," काका म्हणायचे. "ह्यायची तूट कोन भरते?"

"तुमी भरा," आतून काकू.

मी तेव्हा बी.ए.ला अर्थशास्त्र घेतलेलं होतं. भीत भीत सांगितलं, की काका, तूट म्हणजे प्रत्येक वेळी वाईटच असं नाही, सरकार कर्ज काढून धरण बांधतं, रस्ते बांधतं, त्यातून पुढे उत्पन्न येतं. काकांनी ऐकून घेतलं. ते नेहमीच ऐकून घ्यायचे.

"कर्ज काढून बस घेतली, समजते," ते म्हणाले. "कर्ज काढून बसले हार घातला तं?"

मी खोलीत जाऊन पुस्तकातला तुटीचा धडा पुन्हा वाचला.

काका आधी स्वतःच पत्रं लिहायचे, तीही लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर. खर्चाविरुद्ध लिहायचं आणि कागद विकत आणायचा, हे त्यांना पटत नसे. घरात पत्रिकांचा गठ्ठाच होता, पंचवीस वर्षांतल्या सगळ्या लग्नांचा. जवळचं नीट दिसत नव्हतं, मोतीबिंदू पिकू देत होते, त्यामुळे अक्षर बैलाएवढं. एका पत्रिकेत दोन वाक्यं बसायची. अशी कितीतरी पत्रं गेली. मग एक दिवस साहेबांच्या कार्यालयातून उत्तर आलं. साहेबांच्या फोटोचा जाड कागद, खाली सही. काकांनी मला हाक मारून वाचायला दिलं. मी वाचलं, "आपल्या परिवारातील शुभकार्याचे निमंत्रण मिळाले. पूर्वनियोजित दौऱ्यामुळे उपस्थित राहू शकत नाही. नवदाम्पत्यास हार्दिक शुभेच्छा."

पत्रिका काकूंच्या भाच्याची होती. त्याची मुलगी तेव्हा दुसरीत होती.

काकू पदर तोंडाला लावून आत गेल्या. काकांनी तो कागद बोटांत चोळून पाहिला. मग म्हणाले, "चांगल्या कागदावर लिवा लागते. पोरी, तुह्यं अक्षर कसं आहे?"

अशी माझी नेमणूक झाली. एका पत्राला एक कप चहा, आणि चहा खरोखर चांगला असायचा. पद्धत ठरली होती. काका हात वर धरून सांगायचे, मी रफ वहीत उतरवून घ्यायचे, मग खोलीत जाऊन फुलस्केपवर पक्कं करायचे. ते सही करायचे. सहीआधी म्हणायचे, "वाच." मी वाचून दाखवायचे.

इथे मला एक कबूल करायचं आहे. मी वाचून दाखवायचे ते रफ वहीतलं. फुलस्केपवर वेगळंच असायचं.

माझे बाबा तहसीलमध्ये दाखल्यासाठी जायचे तेव्हा मी सोबत असायची. बाबा दारातच चपला काढायचे. दुसरं कोणीच काढायचं नाही, बाबा काढायचे. आणि मला सांगायचे, सरकारी माणसापुढं आवाज खाली, हात जोडून, जे काही म्हणायचं ते गोड करून. तेवढंच मला येत होतं. आणि काका सांगायचे ते असं:

"साहेब, तुमच्या डोक्यात काय सोयाबीनचं कुटार भरलं आहे का?"

कुटार म्हणजे मळणीनंतरचा भुसा. माझा हात ते लिहीच ना. मी लिहिलं, "साहेब, आपण या विषयावर सखोल विचार कराल अशी आशा आहे."

त्या वर्षी कमानीचा विषय निघाला. आमच्या वस्तीच्या तोंडाशी भव्य स्वागत कमान होणार, अशी कुणकुण लागली. वस्ती म्हणजे तीन गल्ल्या. पावसाळ्यात नालीचं पाणी दोन घरांत जायचं, त्यातलं एक आमचं. माझी शिष्यवृत्तीही त्या वर्षी आली नव्हती. कॉलेजातले बाबू म्हणायचे, वरून निधीच नाही. काका म्हणाले, "तुह्ये पैसे कुठं अडकले, मी सांगतो. असे कुठं कुठं कमान होऊन उभे राह्यले आहेत."

"मंग काका, पत्रात माह्या शिष्यवृत्तीचं लिहू का?"

एक टक.

"नाई. मागायचं नाई. मागनारे त्याच्या दारात रोज शंभर उभे राह्यतात. आपन नको म्हनायले चाललो. नको म्हननारा एक तं पाहिजे."

आणि त्यांनी सांगितलं, "साहेब, नालीचं पानी घरात येऊन राह्यलं आन तुमी कमान बांधून राह्यले. पाव्हना कमानीखालून येईन आन नालीत पडन. हे पैसे तुमच्या घरचे नाई. राज्याले तूट आहे, हे उसने आहेत. आमाले कमान नको."

मी खोलीत बसून पाऊण तास विचार केला. मग पक्कं केलं, "वस्तीत येणाऱ्या पाहुण्यांची सोय लक्षात घेऊन कमानीबाबत आपण योग्य तो निर्णय घ्यावा, ही नम्र विनंती. राज्याच्या कठीण आर्थिक परिस्थितीतही आपण आमच्या वस्तीची आठवण ठेवता, याची आम्हांस जाणीव आहे."

वाचून पाहिलं तेव्हा मला ते फारच छान वाटलं होतं.

अशी सात पत्रं गेली. मधून मधून काका फोनही करायचे, स्पीकर लावून, अंगणात उभं राहून. पलीकडे साहेबांचे स्वीय सहायक. बिचारे फार अदबीनं बोलायचे.

"हाव काका, तुमचे पत्र भेटले. कमानीचेच ना? नोंद केली आहे."

"काय नोंद केली?"

"मागनी म्हून."

"अरे बाप्पा, मागनी नाई! नको म्हून राह्यलो मी!"

"हाव हाव. पन काय नको?"

"कमान."

"मंग काय पाह्यजे?"

"काहीच नाई पाह्यजे!"

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला. मग ते समजुतीनं म्हणाले, "काका, आपल्या रजिस्टरमध्ये तीनच रकाने आहेत. नाव, गाव आन मागनी. तुमी रागात आहे, मले समजते. लोक उशीर झाला का असेच रागावतात. मी साहेबाले सांगतो, काम लवकर करा म्हून."

फोन ठेवल्यावर काकांनी भिंतीवर टकटक केली नाही. हात खाली सोडून उभे राहिले. तसे मी त्यांना पहिल्यांदाच पाहिले.

महिन्याभरानं सकाळी कॉलेजला निघाले, तर वस्तीच्या तोंडाशी पाच-सहा जण मान वर करून उभे होते. भलामोठा फ्लेक्स लागला होता. मधोमध साहेब, हात जोडून. खाली उजव्या कोपऱ्यात काका. हात वर असलेला फोटो. कोणाच्या तरी लग्नातला असावा. आणि मोठ्या अक्षरात लिहिलेलं, "ज्येष्ठ नागरिकांच्या सततच्या पाठपुराव्याला यश! भव्य स्वागत कमानीचे भूमिपूजन."

शेजारचे पिठाच्या गिरणीवाले भाऊ मला म्हणाले, "सांगजो काकाले, मानलं बरं! सात सात पत्रं लिवले म्हने. आमाले वाटे, मानूस नुसता बडबड करते."

मी परत घरी आले. काका पायरीवर बसले होते. बसलेले! त्यांच्यापर्यंत बातमी आधीच पोचली होती. अभिनंदनाचे तीन फोन येऊन गेले होते.

"माह्यावर केस झाली," ते म्हणाले.

मी दप्तर खाली ठेवलं.

"तीस वर्सं नाई झाली. आता झाली. उसन्या पैशाची कमान, आन खाली माह्यं नाव." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "पोरी, आपन नको लिवलं होतं ना?"

समोर लिंबाचं झाड होतं. मी त्या झाडाकडे पाहू लागले. आणि एक टक ऐकू आली.

मग मी सगळं सांगितलं. रफ वही आणून दाखवली, पक्क्या पत्रांच्या नकलाही. फुलस्केपच्या नकला मी ठेवल्या होत्या, मला त्यातली भाषा आवडायची म्हणून. काका रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "काहून?"

"भेव वाटलं काका."

"कोनाचं?"

मी नकला गोळा करू लागले. ते आत गेले. पुढचे दोन दिवस चहा नाही, टकटक नाही. फक्त त्यांच्या खोलीतून कात्रीचा आवाज यायचा, करकर, करकर. काकूही आत होत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "बस्ता फाडून राह्यलो." बस्ता म्हणजे लग्नाची कापडखरेदी; मला काही समजलं नाही, आणि पुन्हा विचारायला मला तोंड नव्हतं.

भूमिपूजनाला मांडव होता. साहेब आले, कुदळ मारली, नारळ फुटला. मग निवेदकानं काकांचं नाव पुकारलं. काका स्टेजवर चढले. खांद्याला काकूंनी शिवलेली कापडी पिशवी. साहेबांनी शाल घातली, टाळ्या पडल्या. काकांनी माइक हातात घेतला आणि दुसरा हात वर धरला.

"हा सत्कार माहा नाई," ते म्हणाले. "पत्रं त्या पोरीनं लिवले. ये वं पोरी इकडं. वही घेऊन ये."

वही घेऊन यायला त्यांनी सकाळीच सांगितलं होतं. स्टेजवर गेले तर काकांनी स्वतःची शाल काढून माझ्या अंगावर घातली आणि माइक दिला.

"वाच. मी सांगितलं होतं, तसं."

मी कधी वर्गातसुद्धा उभं राहून वाचलेलं नव्हतं. पहिलं वाक्य माइकला ऐकू गेलं नाही. मागून कोणीतरी ओरडलं, "मोठ्यानं!" मग मी मोठ्यानं वाचलं. कुटाराचं वाचलं. पाहुणा नालीत पडेल ते वाचलं. उसने पैसे वाचलं. शेवटी "आमाले कमान नको" वाचलं. मग मागच्या बाजूला एक जण फिस्सकन हसला आणि सगळेच हसले. साहेबही हसले. ते हुशार होते. त्यांनी माइक घेतला आणि प्रेमानं म्हणाले, "काका म्हणतात तर रद्द करू! काय मंडळी? करायची रद्द?"

"नाई! नाई!" मांडव ओरडला. "कमान पाह्यजेच!"

साहेबांनी काकांकडे पाहून हात पसरले. मी काय करू, अशा अर्थानं. मला वाटलं, संपलं.

काकांनी मान डोलावली. स्टेजवरून खाली उतरले. पिशवीत हात घातला. आणि मी लहानपणापासून एसटीत ऐकलेला तो आवाज मांडवात घुमला.

"चला तिकीट, तिकीट! कमानीचं तिकीट! पन्नास रुपये, पन्नास! सुट्टे काढून ठेवा!"

पिशवीत शेकडो तिकिटं होती. लग्नपत्रिका कापून केलेली. एका बाजूला गणपतीचा कान नाहीतर आहेराचं अर्धं वाक्य, दुसऱ्या बाजूला बैलाएवढ्या अक्षरात 'कमान रु. ५०'.

पहिल्या रांगेत गिरणीवाले भाऊ. काका त्यांच्यासमोर उभे राहिले. "तुमी ओरडले ना, पाह्यजे म्हून? किती देऊ? घरचे किती मानसं?"

"काका, हे तं सरकार बांधून राह्यलं ना!"

"सरकारपाशी तूट आहे. मंत्री स्वतः टीव्हीवर बोलले. तुमी द्या."

भाऊंनी मान वर केली. मांडवाला खिडकी नव्हती, म्हणून ते छताच्या कापडाकडे पाहू लागले. मी स्टेजवरून पाहत होते. काका जसजसे पुढे सरकत होते, तसतशी एकेक रांग मान वर करत होती. एका तरुणानं विचारलं, "काका, स्कॅनर आहे का?" काका म्हणाले, "नाई. रोख." तो म्हणाला, "मंग काय करता बाप्पा," आणि सुटला.

बायकांच्या बाजूनं कोणीतरी ओरडलं, "बायायले एसटीत अर्धं तिकीट असते ना वो?"

"असते. बाकीचं अर्धं कोन देते?"

"सरकार!"

"आन सरकारले कोन देते?"

तिकडेही माना वर झाल्या. तेवढ्यात शेवटून एक हात पुढे आला. काकू. कमरेची पिशवी सोडून पंचवीस रुपये मोजून धरलेले.

"एक अर्धं द्या."

काका थबकले. "तुले पाह्यजे कमान?"

"हाव. माह्या माहेरचे लोक दर वेळेस दुसऱ्याच गल्लीत घुसतात."

काकांनी तिकीट फाडून दिलं. सेवाकाळात त्यांनी प्रवाशाला कधी उलट उत्तर दिलं नव्हतं. एका म्हाताऱ्या बाबांनीही तिकीट घेतलं, पण त्यांना वाटलं होतं ते जेवणाचं आहे. एवढ्या मांडवात दोन तिकिटं गेली, आणि काका फिरून स्टेजपाशी आले.

"साहेब, तुमी?"

साहेबांनी हसत खिसे चाचपले. साहेबांच्या खिशात पैसे नसतात. सहायकांनी घाईनं पाचशेची नोट पुढे केली.

"सुट्टे?"

"राहू द्या काका. ठेवा."

"कंडक्टर ठेवत नसते," काका म्हणाले. त्यांनी तिकिटाच्या मागे लिहिलं, 'बाकी ४५०', आणि ते साहेबांच्या हातात दिलं. "उतरताना घेजा."

साहेब त्याच दुपारी मुंबईला गेले. आठ दिवस काकांनी ती नोट मोडून आणलेले साडेचारशे रुपये वेगळ्या पुडीत बांधून ठेवले आणि दिवसातून चार वेळा पुडी उघडून पाहिली. सहायकांना रोज फोन. ते म्हणायचे, "काका, सोडून द्या." काका म्हणायचे, "सोडून द्याले ते माह्ये आहेत का?" नवव्या दिवशी साहेब आल्याचं कळलं आणि आम्ही दोघं एसटीनं त्यांच्या कार्यालयात गेलो. वही घे, एवढंच काका म्हणाले.

बाहेर मोठी रांग होती. प्रत्येकाच्या हातात अर्ज. दारापाशी तेच सहायक, समोर तेच रजिस्टर.

"काय मागनी आहे?" खाली पाहतच त्यांनी विचारलं.

"मागनी नाई. साहेबाले पैसे द्याचे आहेत."

त्यांनी मान वर केली. काकांना पाहिलं. मग रजिस्टरच्या तीन रकान्यांकडे पाहिलं, एकदा पेन टेकवलं, उचललं. शेवटी रजिस्टर मिटून त्यांनी आम्हाला सरळ आत सोडलं. रांगेतला एक जण मागून म्हणाला, "असं असते पाहा. देनाऱ्याले लाईन नसते."

साहेब चहा घेत होते. काकांना पाहून हसले, खुर्ची दाखवली. काका बसले नाहीत. पाय फाकवून उभे राहिले, हात वर. पुडी टेबलावर ठेवली.

"मोजून घ्या."

"अहो काका, कशाला एवढं..."

"मोजून घ्या साहेब."

साहेबांनी मोजले. साडेचारशे. काकांनी तिकीट मागितलं. ते अर्थातच त्यांच्याकडे नव्हतं. "बरं," काका म्हणाले, "आता एक सांगतो. आठ दिवस तुमचे साडेचारशे माह्यापाशी होते, तं मले झोप नाई आली. आमचे किती दिवसापासून तुमच्यापाशी आहेत?"

साहेबांनी कप खाली ठेवला. आणि मान वळवून ते खिडकीबाहेर पाहू लागले.

मीही पाहिलं. बाहेर काही नव्हतं. भिंत होती, आणि भिंतीवर एक वाळलेली पानाची पिचकारी.

मग साहेबांनी सहायकांना हाक मारली. "त्या कमानीच्या कामावरून काकांचं नाव काढा."

"आणि काम, साहेब?"

"कामाचं... बघू."

कमानीचं काय झालं ते सांगून टाकते. दोन खड्डे झाले होते. अजूनही तेवढेच आहेत. पावसाळ्यात नालीचं पाणी आधी त्यांत जातं आणि मग घरात येतं, तेवढाच काय तो विकास. फ्लेक्स दुसऱ्या दिवशी निघाला, काकूंनी तो मागून आणून सोयाबीनच्या पोत्यांवर टाकला. काकांनी काकूंचे पंचवीस रुपये परत केले, गाडी रद्द झाल्यामुळे. म्हाताऱ्या बाबांचेही केले, आणि वर जेवायला घातलं.

पण त्या दिवशी हे काही माहीत नव्हतं. आम्ही कार्यालयाचा जिना उतरत होतो. काकांनी कठड्यावर दोनदा टकटक केली. गाडी सोडा. दोन पायऱ्या उतरले आणि थांबले.

"वहीत लिवलं का?"

"काय, काका?"

"साहेब कुठं पाहून राह्यले होते, ते."

"लिहिते."

"आन गोड करू नको."